गोगलगायींचे खांब

पर्बेक मार्बल या दगडाचा हा तुकडा मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, सोबत भिंगही घ्या. झिलई केलेल्या बाजूवर वाटाण्याएवढी वेटोळी दिसतील. या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, विविपॅरस. काही शंख आडवे चिरले गेलेत, काही उभे, आणि आतल्या पोकळीत कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, स्फटिक भरलेत. शंखांमधल्या फटीही त्यानेच बुजल्या, म्हणून दगड इतका घट्ट झाला आणि त्याला चकाकी येते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी उथळ तळी होती. मेलेल्या गोगलगायी तळाशी साचल्या, त्यांचा हा पर्बेक मार्बल. खरा संगमरवर नव्हे, चुनखडकच. तापून-दाबून त्याचं रूपांतर झालं असतं तर शंख उरलेच नसते. (आपल्याकडे नागपूर भागात लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळातही गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळतात. पण त्यांचे खांब कुणी घडवले नाहीत.)

आता अडचण बघा. चिकणमातीत अडकलेले हे थर फार पातळ, जास्तीत जास्त मीटरभर, बहुतेकदा त्याहूनही कमी. मग लांब खांब काढायचा कसा? पाथरवटांनी थरातून आडवी लांब कांब कापली आणि ती उभी केली. म्हणजे खाणीत आडवे असलेले पदर खांबात उभे आले. दगडाच्या दृष्टीने हा उलटा कारभार, कारण वरून भार आला की पदर सुटायची भीती. माझ्या मते त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर अशा सडपातळ कांबी बहुधा मुख्य खांबाभोवती शोभेला लावलेल्या दिसतात, मूळ भार आतला खांब पेलतो.

सॉल्झबरी कॅथेड्रलचं बांधकाम १२२० मध्ये सुरू झालं. भिंती फिकट चिलमार्क दगडाच्या, त्यावर काळपट पर्बेकच्या कांबी. सगळी गंमत या विरोधात आहे. पुढे तिथे १२३ मीटर उंच शिखर चढवलं. मनोऱ्यासकट वजन साधारण ६,५०० टन. मधल्या चौकातले पर्बेकचे खांब त्या भाराने वाकलेत. खाली उभं राहून वर पाहिलं की नुसत्या डोळ्यांनाही बाक कळतो.

हा दगड रोमन लोकांनाही माहीत होता. चिचेस्टरला नेपच्यून आणि मिनर्व्हाच्या मंदिराचा त्यांचा शिलालेख आहे, तो याच दगडावर. मध्ययुगात मात्र त्याची चलती झाली. वुस्टरला इंग्लंडचा राजा जॉन याच्या थडग्यावरची मूर्ती पर्बेकचीच. घडलेला माल ‘पूल’ नावाच्या बंदराच्या खाडीतून बोटीने जायचा. डॉर्सेटमधल्याच कॉर्फ गावात पाथरवटांची संघटना आजही आहे. दरवर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आदल्या मंगळवारी ते जमतात, आणि खाडीपर्यंतच्या वाटेच्या हक्कापोटी एक फुटबॉल नि एक पौंड मिरी देण्याची रीत आहे. मिरी का ते समजतं, तेव्हा ती महाग होती. फुटबॉलचं काय, ते त्यांनाच विचारायला हवं!

हा दगड लावावा तो छपराखालीच. बाहेरच्या ओलीत झिलई जाते, खपल्या निघतात. आगही त्याला सोसत नाही. लंडनच्या टेम्पल चर्चचे खांब १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात लागलेल्या आगीत तडकले. युद्धानंतर पुन्हा पर्बेकचाच दगड काढून नवे घडवले. जुने खांब किंचित बाहेर कलले होते, म्हणून नवेही मुद्दाम तसेच कलते बसवले.