लँकेस्टरच्या आडवाटांनी

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी. आमिश, म्हणजे मोटारी आणि आधुनिक यंत्रं शक्यतो टाळून साधेपणाने जगणारा ख्रिस्ती पंथ. या आमिश शेतकऱ्यांचा मुलूख बघायचा, तर शक्यतो सोमवारी या. सोमवार म्हणजे इथला कपडे धुण्याचा दिवस. घरापासून गोठ्यापर्यंत, कप्पीवर सरकणाऱ्या उंच दोरीवर जांभळे, हिरवे, निळे झगे आणि काळ्या विजारी ओळीने वाळत असतात. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना एका दिवसात जाऊन येता येतं, पण सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारी. मग शनिवार धरा. रविवारी आमिश दुकानं उघडत नाहीत.

मार्ग ३० वर आउटलेट मॉल आणि मोटेलं लागतात. तो लवकर सोडा आणि मार्ग ३४० धरा. बर्ड-इन-हँड गाव मागे पडलं, की कुठल्याही लहान रस्त्याला वळा. बेलमाँट रोडवर लाकडी, छताचा पूल आहे, १८४५ साली बांधलेला आणि १८९३ मध्ये पुन्हा उभारलेला. छत आहे ते पुलाच्या लाकडी सांगाड्याला पाऊस-बर्फ लागू नये म्हणून. एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कुणी येत असेल, तर थांबायचं.

या रस्त्यांवर वेग घोडागाडीच ठरवते. लँकेस्टरच्या बग्गीचं छत राखाडी असतं, मागे केशरी त्रिकोण. चढावर किंवा वळणावर ओव्हरटेक करू नका, हॉर्न तर मुळीच वाजवू नका, घोडा बुजतो. थोडं अंतर ठेवून मागे राहिलात, तर डांबरावर नालांनी घासलेला पट्टाही दिसेल.

शेतात खेचरं जुंपलेली असतात. नांगरटीला ट्रॅक्टर नाही, आणि तो परवडत नाही म्हणून नव्हे. जनावरांच्या बळावर कसता येईल तेवढीच जमीन ठेवायची, म्हणजे शेतं लहान राहतात, घरं जवळ राहतात आणि शेजाऱ्याची गरज संपत नाही. मला या मुलखात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. उन्हाळा सरताना आलात, तर फटींच्या भिंतींच्या कोठारांत तंबाखूची पानं टांगलेली दिसतील.

कॅमेरा शेतांकडे ठेवा, चेहऱ्यांकडे नको. चेहरा दिसेल असा फोटो काढणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. आणि खिशात सुटे डॉलर असू द्या. फाटकाशी मांडलेल्या टेबलावर मका, टोमॅटो, घरचा जॅम असतो. काही ठिकाणी विकायला कुणीच बसलेलं नसतं. पाटीवरचा भाव वाचायचा आणि पैसे डब्यात टाकायचे.