घरच्या गिटारसाठी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर निवडताना

नमस्कार श्रोतेहो. घरी गिटार वाजवणाऱ्याला आपलं वाजवणं रेकॉर्ड करावंसं वाटलं, की पहिला प्रश्न पडतो सॉफ्टवेअरचा. मग सुरू होते फीचर्सच्या लांबलचक याद्यांची तुलना. आमच्या मते, गिटारवाल्यानं आधी एकच गोष्ट तपासावी: तार छेडली की हेडफोनमध्ये आवाज किती उशिरा येतो? या उशिराला लेटन्सी म्हणतात. ती जास्त असेल तर बाकी शंभर सोयी असून उपयोग नाही.

हा उशीर होतो कशामुळे? कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यानं घेतो. त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुन्यांचं रेकॉर्डिंग असेल आणि बफर १२८ नमुन्यांचा असेल, तर एका तुकड्याला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत वेळ लागतो. बफर १०२४ केला की तोच वेळ २१ मिलिसेकंदांवर जातो. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा उशीर दोनदा मोजायचा. एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर बहुतेकांच्या हाताला जाणवत नाही. विशीच्या पुढे गेला की ठेका घसरायला लागतो, आणि दोष आपल्या बोटांचा आहे असं वाटत राहतं.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर त्यातला मोठा वाटा ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटार किंवा माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या छोट्या डबीवर, खर्च करा. गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावू नका. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाला, साधारण १० लाख ओहमचं इनपुट लागतं. माइकचं इनपुट काही हजार ओहमचंच असतं, त्यामुळे आवाजातली वरची धार मरते आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. आपल्या नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात इंटरफेस बघताना दोन प्रश्न विचारा. यात गिटारसाठी वेगळं इनपुट आहे का? ते ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ या नावानं असतं. आणि विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरानं ने-आण करणारा प्रोग्राम, आहे का? काही स्वस्त इंटरफेसना तो नसतो. मग एएसआयओफॉरऑल नावाच्या मोफत ड्रायव्हरवर भागवावं लागतं. भागतं, पण बफर खाली आणला की टकटक, चरचर लवकर सुरू होते.

आता सॉफ्टवेअर. मॅक किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड मोफत आहे. त्यात अँपचे, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचे, टोन आहेत, ड्रमर आहे. आणखी शोधत बसू नका, कामाला लागा.

विंडोजवर आमची पसंती रीपरला. डाऊनलोड अगदी छोटं, जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतं. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, कुठलीही सोय बंद ठेवलेली नसते. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. तुमचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर धंद्यासाठीही तोच चालतो. पैसे डॉलरमध्ये जातात, त्यामुळे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या. रीपरची उणी बाजू म्हणजे गिटारचे तयार टोन आणि ड्रम त्यात जवळजवळ नाहीत. टोनसाठी न्यूरल अँप मॉडेलर हे मोफत प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत चालणारा पूरक प्रोग्राम, जोडा. अँपच्या मॉडेलची फाइल त्यात वेगळी टाकावी लागते. मॉडेल नुसत्या अँपचं असेल आणि स्पीकर-कॅबिनेटची फाइल जोडायची राहिली, तर आवाज कर्कश, माशी घोंघावल्यासारखा येतो. अनेक जण इथंच प्लगइनला नावं ठेवून सोडून देतात.

एक पैसाही खर्चायचा नसेल तर ट्रॅक्शन कंपनीचं वेव्हफॉर्म फ्री घ्या. त्यात ट्रॅकच्या, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या पट्टीच्या, संख्येला मर्यादा नाही आणि ते लिनक्सवरही चालतं. ऑडॅसिटी कापाकापीला, आवाज साफ करायला उत्तम. पण वाजवतानाच अँपचा टोन कानात हवा असेल तर ते त्या कामाचं नाही. इंटरफेसच्या खोक्यात मिळणाऱ्या लाइट आवृत्त्यांवर ट्रॅकची मर्यादा असते, ती आधी वाचा. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घरात आणू नका. त्याबरोबर व्हायरस येतात, आणि गाणं अर्ध्यावर असताना ते बंद पडलं तर दाद मागायला जागा नाही.

रीपरमधली पहिली जोडणी सांगतो. कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. ऑडिओच्या खाली डिव्हाइसमध्ये एएसआयओ आणि तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर निवडा. बफर १२८ ठेवा, चरचर आली तर २५६ करा. कंट्रोल-टी नं नवा ट्रॅक घ्या, त्या ट्रॅकवरचं लाल बटण दाबा, इनपुट मोनो निवडा. स्टिरिओ निवडलं तर गिटार एकाच कानात वाजते. मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच ऐकण्याची सोय, चालू करून एफएक्सच्या बटणावरून अँपचं प्लगइन लावा. आता इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण बंद करा. ते चालू राहिलं तर कोरी गिटार आणि अँपची गिटार दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि लेटन्सी नसताना ती आहे असं वाटतं. सगळ्यात जोरात वाजवून बघा. मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी प्रोजेक्ट सेव्ह करा आणि त्याचा स्वतंत्र फोल्डर बनवण्याच्या चौकटीत खूण करा. नाहीतर फाइली भलत्याच ठिकाणी साठतात आणि लॅपटॉप बदलताना निम्मं गाणं मागे राहतं.

आपल्या नागपूरचं म्हणून थोडं. अकूस्टिक गिटार माइकवर घ्यायची असेल तर माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर ठेवा आणि तेवढा वेळ कूलर बंद करा. पंख्याची घरघर नंतर फिल्टरनं काढायला गेलं की गिटारचा खर्जही जातो. मे महिन्यात हे सकाळी लवकर उरकावं. बंद कूलरनं खोलीतली हवा बदलली की तारा उतरतात किंवा चढतात, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर बघा. इलेक्ट्रिक गिटारला सारखी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या वाटेनं येतोय. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार कुठंच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढं तपासून घ्या, तो प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचाही आहे. चार्जर काढूनही गुणगुण राहिली तर गिटार हातात धरून जागेवरच हळूहळू वळा. एका दिशेला ती कमी होईल, तिथंच बसून वाजवा.

रीपरचे ६० दिवस डाऊनलोड केल्यावर लगेच सुरू करू नका. आधी इंटरफेस घरी आणा, त्याचा ड्रायव्हर टाका, हेडफोन जोडा, मगच सॉफ्टवेअर उघडा. आणि या मुदतीत एक गाणं शेवटपर्यंत न्या: दोन गिटार, एक गाणाऱ्याचा आवाज, आणि शेवटी २४ बिटची वेव्ह फाइल काढून ती फोनवर ऐकणं. तेवढं जमलं तर परवाना घ्या. नमस्कार.