टाकी फुल, पहिला कट

(दृश्य: दांडिया बाजारातली सकाळ. गाडी पंपाकडे वळते.)

"काका, झीरो जोई लो."

बडोद्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून हे वाक्य गेलंय. पंपावरचा मुलगा मीटरकडे बोट दाखवतो, आपण मान डोलावतो, पाचशेचं नाहीतर हजाराचं पेट्रोल पडतं. मग कधी लग्नात, कधी ऑफिसात विषय निघतो: तुमची गाडी ॲव्हरेज किती देते? उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. मी अठरा सांगायचो. मोजलं मात्र कधीच नव्हतं.

मोजायला लागलो ते आईमुळे. आई मराठी शाळेत गणित शिकवायची. दुधाचा हिशेब ती अजूनही वहीत ठेवते. त्याच वहीची मागची पानं तिनं मला दिली आणि रकाने आखून दिले: तारीख, किलोमीटर, लिटर, शेरा. रुपयांचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. भाव रोज बदलतो, म्हणाली, लिटर लिही. लिटरही थोडा बदलतो, पण ते पुढे येईलच.

पद्धत ऐकायला सोपी आहे. टाकी फुल करा, ट्रिप मीटर, म्हणजे फेरीपुरते किलोमीटर दाखवणारा आकडा, शून्यावर आणा, गाडी नेहमीसारखी चालवा, पुन्हा टाकी फुल करा. दुसऱ्यांदा जितकं पेट्रोल बसलं, तितकंच मधल्या प्रवासात जळलं. किलोमीटर भागिले लिटर. पहिल्या वेळी भरलेलं पेट्रोल हिशेबात धरायचं नाही, ती नुसती सुरुवातीची खूण.

सगळी गोम आहे ती 'फुल' या शब्दात.

(दृश्य: नोझलचं टोक, अगदी जवळून.)

हे बारीक छिद्र बघा. पेट्रोल वाहत असताना इथून हवा आत ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर चढून छिद्र बुजलं की हवा अडते, आत निर्वात तयार होतो आणि खटका पडून धार थांबते. हाच तो कट. पण धार जोरात असली की फेस येतो, आणि फेसही छिद्र बुजवतो. पंपाची जमीन एका अंगाला उतरती असली तर टाकीत वरच्या बाजूला हवा अडकून राहते. त्यामुळे एकाच गाडीची टाकी आज इथे फुल केली आणि पुढच्या वेळी तिथे, तर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो.

म्हणून मी तोच पंप, तेच मशीन धरून ठेवलंय. गाडीचं तोंड त्याच दिशेला, धार बारीक, आणि पहिला कट झाला की बस. मुलगा विचारतो, "राउंड करी दऊं?" मी नको म्हणतो. कटनंतर ठासून भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून कार्बन कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. तो भाग वाफ शोषायला बसवलेला असतो, पेट्रोलनं भिजला की खराब होतो. बिलावर 29.84 असा वेडावाकडा आकडा येतो, आणि मला तोच हवा असतो.

आता या अर्ध्या लिटरचं काय करायचं? 5 लिटरच भरलं, तर चूक 10 टक्क्यांची. 30 लिटर भरलं, तर पावणेदोन टक्क्यांच्या आत. आणि सलग दहा वेळा टाकी फुल केली की जे घडतं, ते कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आज कट लवकर झाला, अर्धा लिटर कमी बसलं, तर पुढच्या खेपेला तेवढंच जास्त बसतं. मधल्या सगळ्या चुका एकमेकींत फिटून जातात. उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या कटची. 300 लिटरमागे अर्धा लिटर म्हणजे 0.2 टक्क्यांहूनही कमी! एका टाकीवरून गाडीला नावं ठेवणारे लोक भेटले की मी त्यांना हे आवर्जून सांगतो.

दहा नोंदी झाल्यावर मी दहाही ॲव्हरेजची बेरीज करून दहानं भागलं. आईनं खोडरबर मागितलं. "100 किलोमीटर गाडी लिटरला 10 धावली, पुढचे 100 लिटरला 20. तू 15 म्हणशील. पण पेट्रोल किती जळलं? आधी 10, मग 5. म्हणजे 15 लिटरमध्ये 200 किलोमीटर. 13.33 आले. किलोमीटर सगळे मिळव, लिटर सगळे मिळव, आणि एकदाच भाग."

(दृश्य: दुमाड चौकडीपुढे एक्सप्रेस वे. किलोमीटरचे दगड मागे पडतायत.)

लिटरचं झालं, आता किलोमीटर. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. ती झिजत 1.6 वर आली की टायर बदलायलाच हवा. तोवर चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरनं घटलेली असते, म्हणजे जवळपास दोन टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, आणि झिजलेल्या टायरची गाडी वहीत जास्त ॲव्हरेज देते. म्हणून हा अहमदाबादचा रस्ता कामाला येतो. दगडावर दगड, 50 किलोमीटर. माझ्या मीटरवर 50.7 आले. तेव्हापासून वहीतल्या किलोमीटरच्या प्रत्येक आकड्याला मी 1.014 नं भागतो.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर 5 लिटरचं प्रमाणित माप मागा. ते पंपावर ठेवणं बंधनकारक आहे आणि कुणीही गिऱ्हाईक मागू शकतं. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरचा फरक चालवून घेतात, म्हणजे अर्धा टक्का.

सकाळी थंडीत पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, असं आमच्याकडे बरेच जण मानतात. एका अंशाला पेट्रोल साधारण 0.1 टक्का फुगतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक जवळजवळ पोहोचतच नाही. मे आणि जानेवारीतला मात्र पोहोचतो, म्हणून शेऱ्यात ऋतू लिहितो.

गाडीची स्क्रीनही ॲव्हरेज दाखवते, पण इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून ती अंदाज बांधते. शहरातल्या एका टाकीला तिनं 14.9 सांगितलं. वहीत 412.6 भागिले 29.84, म्हणजे 13.83. मीटरची चूक वजा केल्यावर 13.64.

मग गाडीच्या कंपनीनं सांगितलेला ॲव्हरेजचा आकडा खोटा का? नाही. तो वेगळ्या परीक्षेचा आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानं चालवतात: 1180 सेकंद, कमाल वेग ताशी 90, एसी बंद. पेट्रोल मापानं मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून काढतात. सगळ्या गाड्यांना तीच परीक्षा, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण त्या परीक्षेत संध्याकाळी सातची मांडवीची गर्दी नाही, आणि दांडिया बाजारातून मकरपुऱ्यापर्यंतची माझी रोजची छोटी फेरी नाही, जिच्यातली सुरुवातीची काही किलोमीटरं इंजिन तापण्यातच जातात.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. कोयलीची रिफायनरी 1965 पासून बडोद्याच्या वेशीवर आहे, पण पंपावर आज जे मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. 20 टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या हिशेबात लिटरमागे सहा-सात टक्के कमी. जुन्या वहीशी आजचा आकडा ताडून मेकॅनिककडे धावण्याआधी एवढं लक्षात घ्या.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. वही, पेन्सिल, पंपाचं बिल.)

ही तेविसावी नोंद. आई चष्मा लावून भागाकार तपासते, मग वही उलटी करून आजचं दूध लिहिते. पुढच्या आठवड्यात गाडीचे टायर बदलायचेत. नवे टायर चढले की 1.014 चालणार नाही. रविवारी पहाटे पुन्हा दुमाड चौकडीपुढे जाऊन दगड मोजावे लागतील.