छपराला टांगलेलं छप्पर

[दृश्य: उघडा पॉप-अप कॅम्पर, दाराच्या वर छताच्या कडेला लांबट पिशवी]

कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची, छत वर उचलून उघडणारी घडीची खोली, समपातळीवर आहे, चाकांना अडसर लावलेत, चारही कोपऱ्यांचे आधारपाय टेकलेत. हँडल फिरवून छत वर गेलंय, बाजूचे बिछाने बाहेर आलेत. ऑनिंगची, म्हणजे दारापुढच्या कापडी छपराची, पाळी आता, सगळ्यात शेवटी. आवरताना मात्र पहिला नंबर त्याचाच. ऑनिंग उघडं असताना छत खाली घ्यायला गेलात, तर आडव्या कांबी वाकल्याच म्हणून समजा.

घराच्या पडवीला मागे भिंत असते. इथे ती नाही. ऑनिंग ज्या कडेला टांगलंय, ते छतच चार बारीक, सरकत्या खांबांवर उभं आहे. कापडावर येणारा प्रत्येक धक्का त्या खांबांपर्यंत पोचतो. तो ताण शक्य तितका जमिनीत उतरवायचा, म्हणून पुढची सगळी खटपट.

पिशवीची चेन उघडायची, पट्टे सोडायचे आणि नळीवर गुंडाळलेलं कापड दोघांनी दोन टोकांना धरून पुढे उलगडायचं. पाय आणि आडव्या कांबी आतच, वेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकवलेल्या असतात. आधी दोन्ही पाय खाली सोडून थोडेच उंच करायचे. मग कांबींची एक टोकं छताच्या कडेवरच्या खोबणीत, दुसरी पायांच्या माथ्याशी. त्यानंतर पाय एकेक टप्पा वर, आळीपाळीने. माणूस एकटाच असेल तर एका पायाला तणावा (ताणून धरणारा दोर) बांधून मेख ठोकावी, मगच दुसऱ्या पायाकडे जावं.

[दृश्य: कांबीची पकड पिळणारा हात, जवळून]

कांबी किती ताणायच्या? इथे हौस आवरावी. कापड ढोलासारखं वाजायला नको. खालून तळहाताने ढकललं तर थोडं वर जाऊन परत जागेवर आलं की पुरे. जास्त ताणलं तर कापड फाटणार नाही कदाचित, पण छताच्या कडेची पट्टी ओढली जाते, तिचे स्क्रू ढिले होतात आणि पुढच्या पावसात पाणी छताच्या आत मुरतं. ती गळती लगेच दिसतही नाही. कापडावर तिरक्या सुरकुत्या दिसल्या, तर त्या ज्या कोपऱ्यातून निघतात तिथे ओढ जास्त आहे. तो कोपरा सैल करा. समोरचा आणखी ताणत बसू नका.

आता उतार. पुढची कड मागच्यापेक्षा खाली हवीच, शिवाय पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा 15 सेंटिमीटर तरी आखूड ठेवायचा. कुठला? दारापासून लांबचा. त्या कोपऱ्यातली धार बिछान्याच्या तंबूवर पडत नाही ना, तेवढं बघून घ्यायचं.

उताराचा एवढा आग्रह का, ते हिशेबाने कळतं. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद ऑनिंगवर 10 मिलिमीटर पाऊस झाला, की 50 लिटर. म्हणजे 50 किलो. सगळं साचत नाही हे खरं, पण झोळ एकदा पडला की पाणी तिकडेच धावतं, झोळ खोल होतो, आणखी पाणी येतं. शेवटी कांब वाकते किंवा खोबण उपटते. झोळात पाणी दिसलं तर कापडाखालून बाजूला व्हा, आणि मऊ झाडूने किंवा कापड गुंडाळलेल्या काठीने पाणी हळूहळू खालच्या कोपऱ्याकडे ढकला. पाय एकदम सोडू नका.

[दृश्य: मेख, मोगरी, तणावा]

वाऱ्याचं गणित याहून वाईट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तो कापडाला खालून उचलतो. म्हणून प्रत्येक पायाला दोन तणावे: एक पुढे, एक बाजूला. पायाची उंची जितकी, साधारण तितक्याच अंतरावर मेख, म्हणजे दोर जमिनीशी 45 अंशांवर येतो. मेखेचं डोकं ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, दोर आणि मेख यांच्यात काटकोन. सरळ उभी ठोकलेली मेख पहिल्या मोठ्या झोतात सैल होते. घट्ट मातीत 25 सेंटिमीटरची मेख चालते. भुसभुशीत जमिनीत 40 ची घ्या. वाळूत कुठलीच मेख धरत नाही. तिथे पिशवीत वाळू भरायची, मधोमध दोर बांधायचा, दोराला आडवी ठेवून हातभर खोल पुरायची आणि वरची वाळू तुडवायची.

दोर पॉलिस्टरचा बरा. नायलॉन ओला झाला की लांबतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर तणावे पुन्हा ताणायला बाहेर पडावं लागतं. दोर आणि मेखेच्या मध्ये रबरी फासा टाकला तर झोताचा झटका तिथेच जिरतो.

हे सगळं नीट केलं तरी झोपताना आणि कॅम्पर सोडून फिरायला जाताना ऑनिंग बंदच करावं. रात्री दोनला वादळात ते आवरण्यापेक्षा निजण्यापूर्वीची दहा मिनिटं परवडतात.

[दृश्य: नळीवर कापड गुंडाळणारे दोघे]

आवरताना कापडावरची पानं-माती झाडा. पाय खाली घ्या, कांबींचा ताण काढून त्या सोडवा, मग सगळं वेल्क्रोत परत बांधा. नळी दोघांनी एकाच वेगाने फिरवायची. एक टोक पुढे गेलं की गुंडाळी एका बाजूला जाड होते, पिशवीत मावत नाही आणि चेन जोर लावून ओढली की दात तुटतात. चेन अडली तर ओढू नका. गुंडाळी उलगडून पुन्हा घाला. ओलंच बांधावं लागलं तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते घासून जात नाहीत. छत खाली घेताना पिशवी आणि बिछान्याचं कापड कडेत चिमटत नाही ना, हे एकाने बाहेर उभं राहून बघायचं, दुसऱ्याने हँडल फिरवायचं.