कॅलेंडरवरचे कुंकवाचे ठिपके

नमस्कार. मायबहिणींनो, नमस्कार.

कुणाच्या तव्यावर भाकरी असेल, कुणाच्या हातात खुरपं असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं द्या. मी तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून गावोगाव हिंडले. आज बोलायचंय ते पिशवीतल्या गाठीबद्दल. गर्भाशयात वाढणारी गाठ, डॉक्टर तिला फायब्रॉईड म्हणतात. ती लहान असतानाच बाईनं दवाखान्याची पायरी चढावी म्हणून अभियानं होतात, शिबिरं होतात. त्यातलं काय बाईपर्यंत पोचतं, ते मी माझ्याच घरात बघितलं. म्हणून आधी माझ्या धाकट्या जावेची गोष्ट.

केज तालुक्यातलं आमचं गाव. घरी दोन म्हशी, दूध डेअरीला जातं. 2024 सालची संक्रांत. गावच्या आशाताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. सगळ्यांना बोलावलं बरं का, नवरा वारलेल्या बायांनासुद्धा. हे मला फार आवडलं. आपल्या भागात कर्जापायी घरधनी गेलेल्या किती जणी आहेत! त्यांना हळदीकुंकवातून वगळायचं म्हणजे आरोग्याच्या चार गोष्टींतूनही वगळायचं. हे आता बंद झालं पाहिजे.

तर बायांना वाटलं, वाण म्हणून वाटी नाहीतर चहाची गाळणी मिळणार. आशाताईंनी दिलं कॅलेंडर. साधं, मोठ्या चौकटींचं. म्हणाल्या, "पाळी आली की त्या तारखेवर कुंकवाचा ठिपका द्या. कुंकू नको असेल तर पेनानं द्या. जितके दिवस अंगावर जाईल तितके ठिपके. ज्या दिवशी लई जाईल त्या दिवशी दोन. बाकी कुणाला काही सांगू नका." एवढंच. भाषण नाही, बॅनर नाही.

गुढीपाडव्याला मी गावी गेले. बघते तर दीर कॅलेंडरपुढं उभे. मला म्हणाले, "वहिनी, हे लाल ठिपके कशाचे? दुधाचे खाडे म्हणावं, तर म्हशीनं एक दिवस चुकवला नाही."

जाऊ चुलीपुढून उठली नाही. मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मी ठिपके मोजले. जानेवारीत नऊ. फेब्रुवारीत अकरा. मार्चमध्ये तेरा, आणि त्यातल्या पाच तारखांवर दोन-दोन. महिन्यातले तेरा दिवस ही बाई अंगावरून जात असताना धारा काढत होती, शेण भरत होती, रानात जात होती. तोंड पांढरंफटक पडलेलं मी बघितलं होतं. "गूळ-शेंगदाणे खात जा" म्हणून सांगूनही झालं होतं. गावभर बायांची विचारपूस करणारी मी, पण घरात कधी जवळ बसवून विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

रात्री ओट्यावर दोघीच बसलो. विचारलं, "कामून बोलली नाहीस गं?"

म्हणाली, "आक्का, काय बोलू? सासूबाईंचं पण असंच जायचं. अन् दोन वर्षांमागं मी एका दवाखान्यात गेले होते. सोनोग्राफी केली. म्हणले, गाठ हाय, पिशवी काढून टाका, न्हाईतर कॅन्सर व्हईल. तवापासून तोंडच उघडलं न्हाई मी. सांगितलं की पिशवी काढायला नेतील."

आत गेली, पेटी उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीतून सोनोग्राफीचा कागद काढला. गाठ तीन सेंटीमीटर. दोन वर्षं तो कागद शालूत होता आणि भीती पोटात. बाई आळशी नव्हती, अडाणी नव्हती. तिला कुणीतरी घाबरवलं होतं, आणि घाबरलेली बाई दवाखान्यात जात नाही. आमच्या कामात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. घाबरलेली बाई दवाखान्यात जात नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही एसटीनं अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात गेलो. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालंय. माझं मत विचाराल, तर बाईला दवाखान्यापर्यंत न्यायला ह्या निम्म्या तिकिटानं जेवढं केलं, तेवढं भिंतीवर रंगवलेल्या शंभर घोषणांनी केलं नसेल. भिंतीवरची घोषणा मोटरसायकलवरून जाणारा गडी वाचतो. डोक्यावर भारा घेतलेली बाई कुठं वर बघते?

तिथल्या मॅडमनी तपासलं. हिमोग्लोबिन सहा पॉइंट नऊ. बाईचं बारा तरी पाहिजे. गाठ आता सात सेंटीमीटरची. मॅडम शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "बारा आठवड्यांची पिशवी आहे." झालं! माझ्या जावेनं माझा हात घट्ट धरला. कानात म्हणाली, "आक्का, मला दिवस गेलेत का?" ऐका, हे तुम्हालाही कामाला येईल. गाठीमुळं पिशवी किती वाढली ते डॉक्टर आठवड्यांत मोजतात. बारा आठवड्यांची म्हणजे तिसरा महिना भरलेल्या बाईची असते तेवढी मोठी. दिवस गेलेले नसतात.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. म्हणाल्या, "ही गाठ मांसाची आहे. कॅन्सर नाही. अशा गाठींत कॅन्सरची फारच क्वचित निघते. पिशवी काढायची घाई करू नका. आधी रक्त वाढवू." शिरेतून लोहाचं औषध दिलं, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. रक्त वाढल्यावर ऑपरेशन करून गाठ तेवढी काढली. पिशवी शाबूत राहिली. परतताना मॅडम हळूच म्हणाल्या, "तीन सेंटीमीटरची असताना आली असती, तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

त्या दिवाळीत मी पुन्हा कॅलेंडर बघितलं. चार ठिपके. आणि मायबहिणींनो, ते ठिपके दिरांनी मोजून मला सांगितले.

आता कामाचं. सात दिवस लक्षात ठेवा. सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, दर तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावं लागत असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, तर दाखवा. इथं एक घोटाळा होतो. पाळीत पडते ती साकळलेल्या रक्ताची गाठ, आणि पिशवीत वाढते ती मांसाची गाठ. शब्द एक, वस्तू दोन. ओटीपोट जड वाटतं, घडीघडी लघवीला जावं लागतं, शौचाला साफ होत नाही, हीही लक्षणं असतात. दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर गेलं, तर एक दिवससुद्धा थांबू नका. पुन्हा सांगते, सात दिवस.

आणि गाठ निघाली तर? कितीतरी जणींच्या पिशवीत गाठ असते आणि काहीच त्रास नसतो. त्यांना औषधही लागत नाही, अधूनमधून तपासणी पुरते. पाळी बंद झाली की बहुतेक गाठी आकसतात. त्रास असेल तर गोळ्या आहेत, तांबीसारखं पिशवीत बसवायचं औषधाचं साधन आहे, गाठ तेवढी काढता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो. लवकर गेलं की यातलं निवडता येतं. उशीर झाला की निवड कमी होत जाते. काही जणींना पिशवी काढणं खरंच गरजेचं असतं, त्यात लाज नाही. पण तो निर्णय सगळं समजून झाला पाहिजे. कोवळ्या वयात पिशवी गेली आणि तिच्याबरोबर बीजकोशही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगात आग होते.

आपल्या बीड जिल्ह्यानं हे भोगलंय. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पाहणीचे आकडे आले. 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. फडात एक दिवस चुकला की खाडा, खाडा झाला की पैसे कापले. पाळीचा त्रास म्हणजे खाडा. दिरांच्या तोंडी दुधाचा खाडा ऐकला ना, तेव्हा मला हे आठवलं आणि पोटात कालवलं. म्हणून मी प्रत्येक अभियानवाल्यांना हात जोडून सांगते, कॅन्सरचं नाव घेऊन बायांना घाबरवू नका. एक जण कागद शालूत लपवेल, दुसरी उद्याच पिशवी काढून येईल.

चांगलं कामही झालंय. 2022 च्या नवरात्रात, 26 सप्टेंबरला, राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान सुरू झालं, अठरा वर्षांवरच्या बायांच्या तपासणीसाठी. 2025 मध्ये 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान 17 सप्टेंबरला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच सुरू झालं. अशा शिबिरात गेलात की नुसता बीपी मोजून परत येऊ नका. हिमोग्लोबिन किती ते विचारा, आकडा लिहून घ्या. "मला सात दिवसांपेक्षा जास्त जातं" हे तोंडानं सांगा. सोनोग्राफीचा कागद असेल तर बरोबर न्या. एकटीला जायला नको वाटलं तर आशाताईंना म्हणा, त्या येतात. आणि कुणी पिशवी काढा म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

यंदाच्या संक्रांतीला माझ्या जावेनं स्वतः वाण दिलं. कॅलेंडरं. दुधाच्या पैशातून आणलेली, मोठ्या चौकटींची. एक मलाही दिलं. म्हटलं, "अगं, माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली." तर म्हणाली, "आक्का, सुनेच्या भिंतीला लावा."

लावलंय.

नमस्कार.