टॉवेलचा पदर

नमस्कार श्रोतेहो. कुणी कणीक मळताना ऐकत असाल, कुणी गोठ्यात खिशातल्या मोबाइलवर. आज मला दिलेला विषय आहे, बायका राजकारणात दिसल्या की लहान मुलांना त्याचं काय. विषय जड आहे, म्हणून मी तुम्हाला आधी एका अंगणवाडीत घेऊन जाते.

माझी धाकटी जाऊ माण तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिकडच्या पाण्याचे हाल तुम्हाला माहीतच आहेत. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस तिच्याकडे होते. एका सकाळी तिच्याबरोबर अंगणवाडीत गेले. मदतनीस बाई खिचडीला फोडणी घालत होत्या आणि पोरं एका कोपऱ्यात खेळत होती. मला वाटलं, भातुकली असेल. तर नाही! पोरं ग्रामपंचायत खेळत होती.

पालथी बादली ही सरपंचाची खुर्ची. तिच्यावर एक पाच वर्षांचा पठ्ठ्या ऐटीत बसलेला. आणि दोघी मुली त्याला उठवतायत. "ऊठ की! तू कसा सरपंच? सरपंच बाई असतीय!" तो काही उठेना. म्हणाला, बादली मी आणलीय. मुद्दा बिनतोड होता. मग त्यातल्या एकीने खुंटीवरचा हात पुसायचा टॉवेल ओढला, त्याच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाली, "मग पदर घे."

आणि श्रोतेहो, त्याने घेतला की! दोन्ही कानांमागे नीट खोचला, कुणी हसतंय का तेही पाहिलं नाही, आणि एकदम आवाज चढवला. "मोटार कुणी चालू ठेवली? टाकी वाहून चाललीया! बंद करा आधी!" सगळी गप्प. मदतनीस बाईंचा झाराही क्षणभर थांबला.

दाराशी आणखी एक पोरगा हात मागे बांधून उभा होता. मी विचारलं, "तू कोण रे बाळा?"

"मी सरपंचाचा मालक."

"मग तुझं काम काय?"

"गाडी लावून भायेर थांबायचं."

मी हसून हसून बेजार. संध्याकाळी खऱ्या सरपंचबाईंना पाहिलं. यजमानांच्या मोटारसायकलवरून आल्या, उतरल्या, पदर सावरला आणि आत जाऊन खुर्चीत बसल्या. यजमान गाडी स्टँडवर लावून बाहेर लिंबाखाली. पोरांनी तसूभरही बदल केला नव्हता. त्यांना कळायला लागल्यापासून सरपंच म्हणून एवढी एकच बाई पाहिलेली. त्यांच्या हिशेबी ते कामच बायकांचं.

आता दुसरी बाजू. 24 एप्रिल 1993 पासून 73वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. मी तेव्हा तिसरी-चौथीत. पुढे आमच्या गावची जागाही महिलेला सुटली. पंचायतीच्या पाटीवर बाईंचं नाव आलं, खुर्चीत मात्र त्यांचे यजमान. सहीपुरतं बाईंना बोलावणं जायचं. पिठाचे हात पुसत यायच्या, सही करून परत चुलीपुढे. आम्हीही तेव्हा पंचायत खेळायचो. आमच्या खेळात सरपंच कायम मुलगा. मुली? आम्ही चहा आणायचो! मुलं पाटी वाचत नाहीत, खुर्चीत कोण बसलंय ते बघतात. परत सांगते, पाटी नाही, खुर्ची.

हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यातल्या 495 गावांत अभ्यासकांनी 11 ते 15 वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईबापांना प्रश्न विचारले. 2012 साली ते छापून आलं. जिथे लागोपाठ दोनदा बाई प्रधान होती (तिकडे सरपंचाला प्रधान म्हणतात), तिथे मुलासाठी पाहायचं स्वप्न आणि मुलीसाठी पाहायचं स्वप्न यांतलं अंतर आईबापांच्या मनात 25 टक्क्यांनी आणि मुलांच्या मनात 32 टक्क्यांनी कमी झालं. शिक्षणातलं अंतर तर पुसलंच गेलं, आणि मुलींच्या वाट्याचं घरकामही घटलं. लक्षात घ्या, लागोपाठ दोनदा. आपल्याकडे 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. बाई जरा रुळली की पाच वर्षांनी चिठ्ठी निघते, आणि पोरांना पुन्हा दुसराच चेहरा.

वर बघायला गेलं तर आणखी पंचाईत. गोव्यातल्या मुलांनी 1973 सालीच शशिकलाताई काकोडकरांना मुख्यमंत्री झालेलं पाहिलं. महाराष्ट्र 1960 चा, अजून एकही बाई त्या खुर्चीत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर शाळांना एक सांगायचंय. गॅदरिंगला पाहुणे आले की ओवाळायला, गुलाबपाणी शिंपडायला नऊवारीतल्या मुली उन्हात तासभर ताटकळत, आणि आभाराचं भाषण मुलाकडे. का बुवा? एखाद्या वर्षी ताम्हन मुलांच्या हातात द्या. फार तर निरांजन विझेल.

परवा जाऊबाईंचा फोन आला होता. त्यांच्या गावची सरपंचपदाची जागा आता खुली झालीय. चार पुरुष तयारीला लागलेत. सरपंचबाई म्हणतात, मीपण उभी राहणार. यजमानांनी गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय म्हणे. मी विचारलं, "आणि अंगणवाडीत? तो बादलीवाला?"

"तो तिथंच," जाऊबाई म्हणाल्या, "पण टॉवेल रोज शोधावा लागतो."

नमस्कार.