बाटलीचं तोंड: उष्ण हवेत व्हिस्की कशी टिकते

[दृश्य: बर्फाच्छादित किनारा, एक जुनी लाकडी झोपडी]

अंटार्क्टिकातल्या केप रॉइड्सला ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकलटनच्या मोहिमेची ही झोपडी. १९०७ ते १९०९ या काळातल्या त्या मोहिमेची माणसं परत गेली, पण त्यांच्या मद्याची काही खोकी झोपडीखालीच राहिली. २०१० साली बर्फ फोडून ती बाहेर काढली. आत मॅकिनलेच्या व्हिस्कीच्या बाटल्या निघाल्या. त्यातल्या तीन स्कॉटलंडला नेऊन तपासल्या, तर अल्कोहोलचं प्रमाण ४७ टक्क्यांहून थोडं वर भरलं. शंभर वर्षांनंतरही ती व्हिस्की पिण्याजोगी होती.

थंडी, अंधार आणि न उघडलेलं बूच, एवढ्यावर ती टिकली. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो त्या घरात यातली थंडी मिळणार नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

[दृश्य: ओकची पिंपं, मग कपाटातली एक बाटली]

व्हिस्की मुरते ती पिंपात. ओकचं लाकूड तिला रंग देतं, चव देतं, तिच्यातला उग्रपणा काढून घेतं. बाटलीत भरली की मुरणं थांबलं. बारा वर्षांची व्हिस्की वीस वर्षं कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. उष्ण प्रदेशात पिंपातली व्हिस्की लवकर तयार होते, हे खरं आहे. तिथे उडून जाणारा वाटाही मोठा असतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य हवेत जातं, उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट. पण तिथे नुकसानाच्या बदल्यात लाकूड काहीतरी देत असतं. काचेकडे देण्यासारखं काहीच नाही. म्हणून बाटलीतल्या व्हिस्कीला उष्णतेचा फायदा शून्य आहे, आणि तोटा रोजचा.

तो कसा होतो, ते नीट पाहू. अल्कोहोल उकळतं ७८ अंश सेल्सिअसला. एवढं कुठलंच घर तापत नाही. पण वाफ व्हायला उकळावं लागत नाही. तापमान २० अंशांवरून ४० वर गेलं की शुद्ध अल्कोहोलच्या वाफेचा दाब जवळजवळ तिप्पट होतो. त्यातच अल्कोहोल तापलं की पाण्याच्या सुमारे पाचपट फुगतं. म्हणजे दुपारी बाटलीत द्रव वर चढतो, वरची हवा दाबली जाते, वाफ वाढते, आणि हे सगळं एकाच ठिकाणी जोर लावतं: बुचावर. बूच जरा सैल असेल तर वाफ बाहेर पडते. रात्री बाटली निवते, आत दाब कमी होतो, आणि त्याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी जातात ते अल्कोहोल आणि हलके सुगंध, ज्यांच्यासाठी आपण ती बाटली घेतलेली असते. मागे राहतो त्यावर प्राणवायू काम करत बसतो.

म्हणून माझं मत असं, की बाटली किती गार आहे यापेक्षा दिवसरात्रीत ती किती वरखाली होते, हे आधी बघावं. कायम २८ अंशांवर असलेलं आतल्या खोलीतलं कपाट मला चालेल. दिवसा एसीनं २२ आणि एसी बंद झाला की ३६, अशी खोली नको.

[दृश्य: घराचा आराखडा, भिंतींवर सरकणारं ऊन]

घरात अशी जागा शोधायची तर पश्चिमेची भिंत सोडा. छताखालचा माळा सोडा. फ्रिजच्या वरची जागा तर सोडाच, तिथे मागच्या जाळीची ऊब सतत वर येत असते. खालचा कप्पा, आतली भिंत, बंद दार. खोकं किंवा नळकांडं आलं असेल तर बाटली त्यातच राहू दे. ऊन सरळ पडलं तर व्हिस्कीचा रंग फिका होतो आणि चवही बिघडते. पारदर्शक काचेतल्या बाटलीला हा धोका सगळ्यात जास्त.

गॅसच्या शेगडीजवळ बाटली ठेवू नका, आणि ओतूही नका. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याची वाफ साधारण २६ अंशांपासूनच ज्योत लागली तर पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात खोली त्याहून गरम असते. उन्हात उभ्या गाडीत तर बाटली तासभरही विसरू नये. तिथे बूच आपोआप वर सरकलेलं सापडतं.

आता बूच. वाइनची बाटली आडवी ठेवतात, ती सवय इथे आणू नका. ४० टक्के अल्कोहोल सतत लागून राहिलं तर नैसर्गिक बूच झिजतं, ठिसूळ होतं, आणि त्याची चव व्हिस्कीत उतरते. बाटली उभीच हवी. पण कोरड्या, तापलेल्या हवेत उभ्या बाटलीचं बूच सुकून आकसतं. उपाय साधा आहे: महिन्या-दोन महिन्यांनी बाटली क्षणभर कलती करून बूच आतून ओलं करायचं आणि परत उभी ठेवायची. रिकाम्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून जपून ठेवा. उघडताना बूच मोडलं तर व्हिस्की स्वच्छ फडक्यातून गाळा आणि त्यातलं एक बसवा. लांबची साठवण असेल तर तोंडाभोवती प्रयोगशाळेत वापरतात ती ताणणारी पॅराफिल्मची पट्टी गुंडाळावी. फिरकीच्या झाकणालाही ती लावावी, कारण आतला पातळ थर जुना झाला की तेही गळतं.

फ्रिज? व्हिस्की त्यात बिघडत नाही. बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळलेली नसेल आणि ४६ टक्क्यांखालची असेल तर गढूळ दिसेल, खोलीच्या तापमानाला आली की बहुतेक पुन्हा नितळ होईल. व्होडका फ्रीझरमध्येही खुशाल ठेवा, उणे १८ अंशांना ती गोठत नाही.

[दृश्य: अर्ध्याहून रिकामी बाटली, शेजारी लहान बाटली]

खरी काळजी उघडलेल्या बाटलीची. द्रव जितका खाली, तितकी आत हवा जास्त, आणि उष्णतेत तिचं काम वेगानं चालतं. तळाशी पाव भाग उरला की तो छोट्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठच्या जरा खाली भरा. नक्षीदार क्रिस्टलच्या सुरईत मात्र साठवू नका, शिशाची काच असेल तर ते शिसं मद्यात उतरतं.

व्हर्मुथ ही मुळात वाइन आहे. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी. साईच्या लिकरचं, म्हणजे दुधाची साय घातलेल्या गोड मद्याचं, गणित सगळ्यात कडक. त्यातली बेलीज २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि बाटली उघडा वा न उघडा, मुदत दोन वर्षांची. तापलेल्या घरात ती पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच हवी. बाटलीवरची तारीख बघा. गुठळ्या दिसल्या किंवा आंबूस वास आला, तर चव न घेता ओतून द्या.